मोनालिसा उलटी करून पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

आवराआवर करताना अडगळीतून एक जुनं चित्र निघतं. लाकडी फळीवरची मोनालिसा. सोनेरी काठ, मधासारखे पिवळट पडलेले रंग, वर बारीक तडे. मग कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच, "मूळ मोनालिसासुद्धा लाकडावरच आहे ना?" आहे खरी. लिओनार्दोनं ती पॉप्लरच्या फळीवर रंगवली, साधारण ७७ बाय ५३ सेंटिमीटर. पण ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, तेव्हा तो विषय मिटला. उरली तुमची फळी.

तिचं वय नंतर विचारा. आधी ती बनली कशी ते बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि गालावर धरा. मोनालिसाच्या, अर्थात. निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके शिस्तीत, बारीक फुलांसारखे बसलेले दिसले, तर ती यंत्रावरची चाररंगी छपाई. कागद फळीला चिकटवून वर वार्निश मारलेलं. ठिपके रांग सोडून विखुरलेले आणि रंगही जास्त असले, तर दगडावरून छापलेला क्रोमोलिथोग्राफ असू शकतो. १९व्या शतकात या छपाईची चलती होती. ठिपके नाहीतच, कुंचल्याचे फटकारे दिसतात? मग हातानं केलेली नक्कल असू शकते, ती जाणकाराला दाखवा.

तड्यांना मात्र भुलू नका. मूळ चित्राच्या फोटोबरोबर त्याचे तडेही छापले जातात. दिवा बाजूनं तिरपा धरा. खऱ्या तड्याला कड असते, छापलेला तडा सपाट राहतो. शिवाय मुद्दाम तडकणारं वार्निशही मिळतं, म्हणजे खरा तडासुद्धा जुना असेलच असं नाही!

आता फळी उलटी करा. मला स्वतःला चित्रापेक्षा ही बाजू जास्त आवडते, कारण इथं सजवायला कुणी आलेलं नसतं. सलग लाकूड आहे की भुसा दाबून केलेला बोर्ड? अधिक चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. पणजोबांनी दीडशे वर्षांपूर्वी आणलेल्या चित्रात असा स्क्रू निघाला, तर लगेच पणजोबांना खोटं ठरवू नका. मध्ये कुणी दुरुस्ती केली असेल. पण बोर्डही भुशाचा निघाला, तर मग गोष्ट अवघड आहे.

किमतीचं थोडक्यात सांगतो. अशा छापील फळ्या ढिगानं निघाल्या, त्यामुळे कित्येकदा चित्रापेक्षा चौकटच जास्त मोलाची ठरते. विकणारा काय मागतो ते पाहू नका, तसंच चित्र प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते शोधा. विम्यासाठी काढलेला आकडा सहसा त्याहून मोठा असतो, तो विक्रीचा भाव समजू नका.

आणि हो, ओल्या फडक्याला लांब ठेवा. काही जुना सोन्याचा मुलामा पाण्यानं निघून येतो. मागची जुनी चिठ्ठी सुटायला आली असेल, तर सोलू नका. आधी तिचा फोटो काढा.