साबुदाण्याच्या डब्यातले आठ हजार

नमस्कार श्रोतेहो.

'आजची मौज आणि उद्याची बचत' असा विषय मला दिलाय. चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेला माणूस, हा आता बचतीचेच गोडवे गाणार, असं तुम्हाला वाटलं असेल. अंथरूण पाहून पाय पसरावेत वगैरे. पण मला आज माझ्या धाकट्या मावशीबद्दल सांगायचंय.

2016 साल. मी मे महिन्यात निवृत्त झालो आणि 8 नोव्हेंबरला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. माझे काउंटरवरचे मित्र अजून म्हणतात, "सहा महिन्यांनी सुटलास लेका!" तर तिसऱ्या दिवशी मिरजेहून मावशीचा फोन आला. आवाज एकदम खाली. "बाहेर जाऊन बोल," म्हणाली. म्हटलं, "मावशी, मी घरात एकटाच आहे." तर म्हणे, "तरी बाहेर जा."

मी दुसऱ्या दिवशी कोयना एक्सप्रेस धरली. मी पोचलो तसं तिने काकांना कोथिंबीर आणायला पाठवलं. कोथिंबीर ओट्यावर होती, मी पाहिली. दार लोटलं आणि मावशी कामाला लागली. साबुदाण्याचा डबा पलंगावर पालथा केला. त्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आठ हजार. पोह्यांच्या डब्यातून साडेसहा हजार. मग ट्रंक उघडली. इरकल साड्यांच्या घड्यांमधून, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे सतरा हजार. नोटेच्या मागे तळाला छपाईचं साल असतं ना, ते 2005 पासूनच्या नोटांवर आलं. मावशीच्या कितीतरी नोटांवर सालच नव्हतं! म्हणजे त्या किमान अकरा वर्षांपूर्वी छापलेल्या होत्या.

साबुदाण्यावरून आठवलं, खिचडीत बटाटा घालणाऱ्यांचं आणि माझं जमत नाही. असो.

तर प्रत्येक पुडक्यात एक चिठ्ठी होती. साबुदाण्यात 'दवाखाना'. पोह्यांत 'लेकीचं बाळंतपण'. आता तिची नात त्या वेळी नववीत होती, बरं का! बाळंतपण झालं, बारसं झालं, नात चष्मा लावायला लागली, पैसे पोह्यांतच. आणि ट्रंकेतल्या चिठ्ठीवर एकच शब्द, 'पैठणी'.

मी विचारलं, "घेतली का नाहीस गं?" तर म्हणाली, "अरे, सहा हजार जमले तेव्हा ती नऊला झाली. नऊ जमले तेव्हा बारा." महागाई म्हणजे काय, हे मी बँकेत शेकडो लोकांना आकडे मांडून सांगितलं असेल. मावशीने एका वाक्यात सांगितलं. डब्यातला पैसा तेवढाच राहतो, दुकानातली किंमत राहत नाही.

पुढची अडचण खरी. मावशीचं खातं एकच, काकांबरोबर जॉइंट. तिथे भरले की पासबुकात नोंद, आणि पासबुक काका दर महिन्याला छापून आणणार. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, नट-बोल्टसुद्धा मोजून ठेवणारा! आम्ही दोघं पलंगावर नोटा पसरून हा विचार करतोय, तेवढ्यात काका दारात. हातात कोथिंबिरीची जुडी. नोटांकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. शांतपणे म्हणाले, "उन्हाळ्यात सिलिंडरसाठी माझ्याकडून शंभर रुपये उसने घेतलेस, ते यातूनच देणार होतीस का?"

मग तेही पलंगावर बसले आणि मोजायला लागले. साडेएकतीस हजार. दुसऱ्या दिवशी रांगेत तिघं उभे राहिलो, चार तास. पुढेमागे मावशीच्याच वयाच्या बायका, प्रत्येकीच्या हातात कापडी पिशवी आणि बरोबर एक अवाक झालेला नवरा.

लोक हसले तेव्हा अशा बायकांना. मला नाही हसू आलं. स्वतःच्या नावावर काही नसलेल्या बाईने घरखर्चातून वाचवलेला पैसा लपवला, तर त्यात तिचं काय चुकलं?

जानेवारीत काकांनी गाडी ठरवली आणि आम्ही येवल्याला गेलो. दुकानात मावशी आधी किंमत विचारायची, मग पदर बघायची. काका म्हणाले, "तू रंग बघ, आकडा मी बघतो." तिला राघू रंग हवा होता, पोपटी, पहिल्यापासून. मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसली. "या वयात हा रंग?" दुकानदाराने फिक्या रंगाच्या आणखी चार दाखवल्या. तिने राघूच घेतली. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "चाळिशीत घेतली असती तर किती लग्नांत मिरवली असती."

मावशीच्या चिठ्ठीवर नाव होतं, तारीख नव्हती. पुन्हा सांगतो, नाव होतं, तारीख नव्हती. तिच्या भिशीत बघा, बारा जणी असतात, महिन्याला एकीचा नंबर लागतो, म्हणजे वर्षाच्या आत पैसा हातात येणार हे ठरलेलं असतं. पण नंबर लागला की मावशी ती रक्कम पुन्हा ट्रंकेत ठेवायची!

तेव्हा थोडक्यात. म्हातारपणाचा पैसा लांब ठेवा. पीपीएफ, म्हणजे सरकारची लांब मुदतीची बचत योजना, 1968 पासून आहे, मुदत पंधरा वर्षं, वर्षाला पाचशे रुपये भरले तरी खातं चालू राहतं. एप्रिल 2020 मध्ये व्याज 7.1 टक्के झालं, त्यानंतर ते हललेलं मी पाहिलं नाही. दवाखान्याचा पैसा मात्र पीपीएफमध्ये नको, साध्या बचत खात्यात हवा, रात्री दोनला एटीएममधून निघाला पाहिजे. आणि मौजेचा पैसा? त्याची बारा महिन्यांची आरडी करा, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, बँकेत होते. पोस्टाची पाच वर्षांची असते, साडीसाठी ती फार लांब. पावतीवर मुदत संपल्याची तारीख छापलेली असते. त्या तारखेला पैसे काढायचे आणि खर्च करायचे. आरडी पुढे वाढवायची नाही. मी स्वतः काउंटरवर हजारो लोकांना "रिन्यू करू का?" विचारलंय, म्हणून सांगतो.

हप्त्यावर मोबाइल घेऊन त्याला मौज म्हणणाऱ्यांबद्दल बोलायचं होतं, पण स्टुडिओतल्या बाई काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत.

मावशी मिरजेत रेडिओ लावून बसली असेल. मावशी, आकडा सगळ्यांसमोर सांगितला म्हणून रागावू नकोस. काकांना तो माहीत आहेच. आणि ते सिलिंडरचे शंभर रुपये अजून यायचेत, असा निरोप त्यांनी माझ्याकडे दिलाय.

नमस्कार.