वाफसा : द्राक्षवेलीच्या मुळीपासून मण्यापर्यंत

(दृश्य : निफाड तालुका, ऑक्टोबर महिना, पहाट. छाटलेल्या काडीचे टोक, अगदी जवळून.)

ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालेल्या या बागेत वेलीवर एकही पान शिल्लक नाही, आणि तरीही काडीच्या कापलेल्या टोकावर पाण्याचा थेंब जमतो, लोंबतो आणि बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यावर, पडतो. वेल रडते आहे, असे याला म्हणतात. पाने नसल्यामुळे वरून पाणी ओढणारे येथे काहीच नाही. हे पाणी खालून ढकलले जात आहे. मुळांतील जिवंत पेशी जमिनीतले क्षार आत घेऊन जलवाहिन्यांमध्ये सोडतात, त्या क्षारांमागोमाग परासरणाने, म्हणजे कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाण्याच्या ओढीने, पाणी आत शिरते आणि आतला दाब वाढत जातो. हा मूलीय दाब. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने द्राक्षवेलीच्या कापलेल्या टोकाला काचेची नळी जोडून तो मोजला आणि आपली निरीक्षणे 1727 मध्ये प्रसिद्ध केली.

(दृश्य : ओळीलगत खोदलेला खड्डा. मातीच्या भिंतीतून बाहेर आलेली मुळे.)

ठिबकच्या नळीखाली खोदलेल्या या खड्ड्यात बोटाएवढी जाड, तपकिरी मुळे आधी नजरेत भरतात. ती वेलीला आधार देतात, आलेले पाणी पुढे नेतात, अन्न साठवून ठेवतात. मात्र शोषणाचे मुख्य काम त्यांचे नव्हे. पाणी पितात ती ही दोऱ्यासारखी, मातीला बिलगलेली पांढरी मुळे. ‘मुळी चालू आहे’ असे बागाईतदार म्हणतात तेव्हा ते याच पांढऱ्या मुळीविषयी बोलत असतात, आणि त्यांचे हे निरीक्षण नेमके आहे. मुळीच्या टोकाच्या किंचित मागे मूलरोमांची लव असते. एकेक रोम म्हणजे एकाच पेशीला फुटलेला धागा. तो मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरापर्यंत पोहोचतो आणि बहुधा काही दिवसांतच नष्ट होतो. म्हणून मुळी सतत वाढत राहिली तरच वेलीचे पिणे चालू राहते.

पाण्यासाठी मुळीला फारसे खर्चावे लागत नाही, क्षारांसाठी मात्र लागते. नायट्रेटच्या रूपातले नत्र पाण्याबरोबर मुळीपर्यंत वाहत येते. स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना घट्ट धरून बसते, त्यामुळे मुळीला किंवा तिच्याशी जोडलेल्या उपकारक बुरशीच्या तंतूंना त्याच्यापर्यंत जावे लागते. दारापर्यंत आलेला क्षार आत घेण्यासाठी पेशीला ऊर्जा लागते, ऊर्जेसाठी श्वसन लागते आणि श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मुळी जमिनीखाली असली तरी तिला हवा हवी असते, ही गोष्ट या संपूर्ण चित्रीकरणात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. जमिनीत ओल आहे आणि मातीच्या पोकळ्यांत हवाही खेळते आहे, अशा अवस्थेला आपल्या भाषेत वाफसा म्हणतात. बेसाल्ट खडकापासून बनलेली येथील काळी, चिकण माती ओली झाली की फुगते, तिच्या पोकळ्या पाण्याने भरतात, आणि भरपूर पाण्यात उभी असलेली मुळी पाणी व अन्न दोन्ही घेईनाशी होते.

ही मुळे वरच्या वेलीची नाहीत, हेही सांगितले पाहिजे. वर थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांच्या द्राक्षांची जात आहे. खाली, जमिनीतले जादा क्षार आणि पाण्याची टंचाई सोसणारा, मूळचा टेक्सासमधला डॉगरिज खुंट, म्हणजे जिच्यावर कलम बांधले ती मुळांची वेल. कलमाच्या या गाठीत दोघांच्या वाहिन्या एकमेकींना जुळल्या आहेत.

(दृश्य : भर दुपार. पानांनी भरलेला मांडव. मग बुंध्याचा आडवा छेद.)

पाने आली की पाणी ढकलण्याचे काम मागे पडते आणि ओढण्याचे सुरू होते. पानाच्या पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते, पेशींच्या ओल्या भिंतींवर ताण येतो आणि तो ताण देठातून, काडीतून, बुंध्यातून थेट मुळीपर्यंत पोहोचतो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्यामुळे ही धार तुटत नाही, असा सिद्धांत डिक्सन आणि जोली यांनी डब्लिनमध्ये 1894 साली मांडला. छेदात दिसणारी ही बारीक छिद्रे म्हणजे मृत पेशींच्या पोकळ नळ्या, जलवाहिन्या. द्राक्षवेलीत त्या इतक्या रुंद असतात की साध्या भिंगातून स्पष्ट दिसतात. वेलीने घेतलेल्या दर शंभर थेंबांपैकी पंचाण्णवांहून अधिक थेंब अशा रीतीने हवेत जातात.

(दृश्य : पिवळा शेंडा.)

ही कोवळी पाने पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. जुन्या पानांतले लोह वेलीला सहजासहजी नव्या पानांकडे वळवता येत नाही, म्हणून ही कमतरता शेंड्यावर आधी दिसते. जमिनीत लोह नाही असे नव्हे. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचले की बायकार्बोनेट वाढते आणि असलेले लोह मुळीच्या हाती लागत नाही. या ओळींतला माल यंदा निर्यातीला गेला नाही.

(दृश्य : गर्डलिंगचा चाकू. बुंध्याभोवती फिरणारा हात.)

मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की बुंध्यावरून काही मिलिमीटर रुंदीची साल गोल काढली जाते. वेल वाळत नाही, कारण पाणी आतल्या लाकडातून वर जातच राहते. तुटतात त्या सालीतल्या रसवाहिन्या. पानांनी बनवलेली साखर खाली जाऊ शकत नाही आणि घडांकडे वळते, म्हणून मणी फुगतो. जखम भरून येईपर्यंत मुळी मात्र साठवणीवर जगते, म्हणून गर्डलिंग केलेल्या बागेत वाफशाची काळजी दुप्पट घ्यावी लागते, असे आमचे मत आहे.

पुढे मणी मऊ आणि पारदर्शक होऊ लागतो, त्याला ‘पाणी उतरणे’ म्हणतात. या सुमारास जलवाहिन्यांतून मण्यात येणारा ओघ कमी होतो, आणि मण्यात उतरते ते मुख्यतः रसवाहिन्यांतून आलेले गोड पाणी.

(दृश्य : सकाळ. बोदातली मूठभर माती.)

बागाईतदार बोदातली माती मुठीत दाबतात, तिचा गोळा करतात आणि कमरेच्या उंचीवरून सोडतात. वाफसा असेल तर गोळा जमिनीवर पडताच फुटतो. आज तो फुटला नाही, आणि ठिबकचा व्हॉल्व्ह त्यांनी उघडला नाही.