झेंडू: २४ चे ४८

(येऊरची वाट, पाऊस. कुंपणावर चढलेली कळलावी.)

ही कळलावी. हिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे विषारी रसायन असतं. त्यानेच आज झेंडूची गुणसूत्रं दुप्पट करून बघायची आहेत. कंद खणून घरी काढा करायच्या फंदात पडू नये. त्यात विष किती उतरलं, हे कळायला मार्ग नाही. पुढे दिसेल ते वजन करून घेतलेलं कोल्चिसिनचं शुद्ध चूर्ण आहे.

(ठाणे, बाल्कनी. फॉइल गुंडाळलेली बाटली.)

१०० मिली पाण्यात ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के. उजेडात हे बिघडतं, म्हणून फॉइल.

आफ्रिकन झेंडूत २४ गुणसूत्रं, बुटक्या फ्रेंच झेंडूत ४८. दोघांच्या संकरात येतात ३६, आणि तो बी धरत नाही. आफ्रिकनची आधी ४८ करून घेतली, तर जोडी जमण्याची आशा. ब्लेक्सली आणि एव्हरी या शास्त्रज्ञांनी १९३७ साली कोल्चिसिनने गुणसूत्रं दुप्पट करण्याची रीत मांडली. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागेच हे रसायन बनू देत नाही.

म्हणजे पेशी विभागत असतील तरच परिणाम. कोरडं बी बुडवून काही होत नाही. आधी साध्या पाण्यात रात्रभर, मूळ डोकावलं की द्रावणात सहा तास, मग नळाखाली खळखळून. तेवढंच बी नुसत्या पाण्यातलं, वेगळ्या ट्रेमध्ये. हा ट्रे नसेल तर पुढे तुलना कशाशी करणार?

हातमोजे, चष्मा, भांडी वेगळी. मुलं दूर, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये नाही.

(ट्रे, जवळून.)

डावीकडची, नुसत्या पाण्यातली रोपं तरतरीत. उजवीकडे, द्रावणातल्यांची खोडं सुजलेली, मुळं आखूड, बरीच मेलेली. पावसाळी दमटपणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त ओलं राहिलं की उरलेलीही बुडाशी कुजून आडवी होतात. रेंगाळलेलं, जाड चुरगळलेल्या पानांचं रोप मात्र उपटू नये. बहुतेकदा तेच कामाचं असतं.

मुळं वाचवायची तर बी सोडून शेंड्यावर काम करावं: रोपाच्या पहिल्या दोन दलांच्या (बीजपत्रांच्या) मधे कापसाचा बोळा, त्यावर सकाळ-संध्याकाळ द्रावणाचा एक थेंब, तीन दिवस. बोळा वाळला की मेहनत वाया. वर कापलेली बाटली पालथी घालावी.

(नेलपॉलिश, चिकटपट्टी, सूक्ष्मदर्शक.)

पानाच्या पाठीवर नेलपॉलिश, वाळलं की पट्टीने उचलून काचेवर. ही साध्या रोपाची पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं. आणि ही द्रावणातल्या रोपाची... मोठी, विरळ.

इथे फसगत होते. पर्णरंध्रं फक्त वरच्या थराची साक्ष देतात. पराग आणि बी त्याखालच्या थरातून येतात. वरचा थर ४८ चा, आतला २४ चाच, अशी मिश्र रोपं भरपूर निघतात. त्यात साधी फांदी जोमाने वाढून दुसरीला झाकते. दिसताच ती खुडावी.

फूल आलं की परागही काचेवर घ्यावेत.

(काटेरी, गोल पराग; शेजारी साध्या रोपाचे.)

हे मोठे. या रोपाच्या पुढच्या कळ्यांना उमलण्याआधीच मलमलची पिशवी. फुलताना मधल्या नळीदार फुलांचा गाभा चिमट्याने काढायचा. कडेच्या पाकळ्यांना स्त्रीकेसर असतोच. मग फ्रेंच झेंडूचा पराग, ब्रशने. पिशवी परत. दोऱ्याला चिठ्ठी: आई, बाप, तारीख.