चाळिशीत स्वभाव बदलला तर

नमस्कार, श्रोतेहो.

समजा, चोपड्याकडचा चाळिशीतला एक शेतकरी आहे. केळीच्या सौद्यात त्याला व्यापारीही वचकून असायचे. तोच आता पैसे उधळतो, सुतकाच्या घरी हसतो, अंघोळीला नाही म्हणतो. गाव म्हणतं, ‘त्यानं डोकं फिरी गयं.’ कुणी भगताकडे नेतं, कुणी दारूवर ढकलतं. डॉक्टरांनाही आधी फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची, म्हणजे मेंदूचा पुढचा भाग झिजण्याची शंका येते. ती वावगी नाही, लक्षणं तशीच असतात. पण क्वचित त्यामागे एएलएसपी नावाचा, मेंदूच्या पांढऱ्या भागाचा आनुवंशिक आजार निघतो.

ठिबकची मोटार चांगली, झाडं चांगली, पण नळ्याच खराब झाल्या तर पाणी पोचत नाही. मेंदूच्या पांढऱ्या भागातले संदेश नेणारे तंतू म्हणजे या नळ्या. त्यांची निगा राखण्यात मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशींचा मोठा वाटा असतो. सीएसएफ१आर जनुकात दोष असला की ती निगा बिघडते. स्वीडनमधल्या एका कुटुंबात हा आजार १९८४ साली नोंदला गेला. जनुक सापडायला २०१२ उजाडलं.

कुणात तो कंपवातासारखा दिसतो, पण कंपवाताच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. कुणाला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे तंतूंवरचं आवरण खराब होण्याचा आजार समजून स्टेरॉइड दिलं जातं, त्याचाही उपयोग होत नाही. अशा वेळी निदान पुन्हा तपासायला हवं. एमआरआयमध्ये पुढच्या बाजूला पांढरे डाग दिसतात. ‘एमआरआय झाला, आता सीटी कशाला?’ असं नातेवाईक विचारतात. खर्चाचं दुखणं खरंच आहे. पण या आजारात कधीकधी कॅल्शियमचे बारीक ठिपके असतात, ते सीटीवरच नीट दिसतात.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे दडवली जाते. आजोबा पन्नाशीतच ‘वेडे’ झाले होते, हे कुणी सांगत नाही, कारण घरात मुली लग्नाच्या असतात. डॉक्टरांना तरी सांगा. आई किंवा वडिलांमध्ये हा दोष असला, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

खात्रीचा इलाज अजून नाही. काही रुग्णांत लवकर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केल्यावर आजार थांबल्याच्या नोंदी आहेत, पण त्यात जिवाचा धोकाही असतो. धडधाकट, सज्ञान मुलांनी जनुकचाचणी करायची की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. त्याआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलावं. सोयरिकीच्या घाईत कुणी ती त्यांच्यावर लादू नये.