पंपापाशी किती व्होल्ट पोहोचतात?

बोटीवरचे दिवे मिणमिणायला लागले, पंप रखडायला लागला, की आपलं निदान ठरलेलं असतं. बॅटरी गेली! मीही हेच करायचो. एकदा लागोपाठ दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, तरी पाणी उपसायचा पंप रडतोच आहे. शेवटी मीटर घेऊन बसलो. पंप चालू ठेवला आणि मोजलं. बॅटरीच्या टर्मिनलवर 12.5 व्होल्ट, पंपापाशी साडेदहा. मधले दोन व्होल्ट बारीक वायर आणि दोन कळकलेले जोड मिळून खात होते. म्हणून आज आधी वायर, मग बॅटरी.

हिशोब सोपा आहे. 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर दर मीटरला साधारण 0.0175 ओहम रोध असतो. पंप बॅटरीपासून 6 मीटरवर असेल, तर वायर 6 नाही, 12 मीटर धरायची. करंट जातो तसा परतही येतो, आणि नेमकं हेच सगळे विसरतात. पंप 5 अँपिअर ओढतो असं धरा. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये 0.7 व्होल्ट गळतात, चार चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये जेमतेम पाव व्होल्ट. दिशादर्शक दिवे आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी 3 टक्क्यांपेक्षा जास्त गळती नको, बाकीच्यांना 10 टक्के चालते, असा प्रघात आहे. पंपाला मी 3 टक्क्यांतच बसवतो. बोट बुडायला लागल्यावर टक्केवारी कोण बघतो?

वायर बारीक तारांची, कल्हई केलेली घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत कळकतं आणि ती घाण आवरणाच्या आतून हातभर पुढे सरकते. वरून वायर ठणठणीत, सोलली की काळी. जोड नुसत्या सोल्डरवर ठेवू नका. सोल्डर संपतो तिथे वायर ताठर होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण, नीट दाबून बसवा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी चढवा.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो बॅटरीजवळ, शक्यतो टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा. पंपाचा ऑटोमॅटिक स्विच मात्र मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह जोडा. नाहीतर मेन बंद करून घरी गेलात की पंपही झोपला.

आता बॅटरी. स्टार्टरच्या बॅटरीत पातळ पत्रे भरपूर असतात. ती क्षणभर जोरदार करंट देते, पण पुन्हापुन्हा खोलवर उतरवली की लवकर मरते. डीप सायकल, म्हणजे पुन्हापुन्हा खोलवर उतरवण्यासाठीच बनवलेली बॅटरी. तिचे पत्रे जाड, दम जास्त. म्हणून माझा हट्ट असा, की इंजिनाची बॅटरी फक्त इंजिनाची. बाकी सगळं दुसरीवर. सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणारं यंत्र, दीड अँपिअर, दिवे एक, ऐकण्यावर ठेवलेला रेडिओ अर्धा, मासे जिवंत ठेवणारा पंप तीन. झाले सहा. आठ तासांचे 48 अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे 100 ची बॅटरी लागली. पण तो 100 चा आकडा 20 तासांत, सावकाश काढल्यावरचा. बोट सावकाश पुढे नेणाऱ्या विजेवरच्या ट्रोलिंग मोटरने 50 अँपिअर ओढले, तर तीच बॅटरी पूर्ण रिकामी केली तरी दोन तास चालणार नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि 80 टक्के तरी खुशाल वापरता येते. पण चार्ज होताना ती इतका करंट मागते की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारं वीज बनवायचं यंत्र, तापतो. शिवाय चार्जिंग चालू असताना तिच्या आतल्या संरक्षण सर्किटने अचानक जोड तोडला, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे बॅटरीकडे जाणारा करंट आवरून धरणारा चार्जर, हवाच. व्होल्टेज पाहून तिचा चार्जही नीट कळत नाही, कारण जवळजवळ शेवटपर्यंत ती ताठ मानेने उभी असते.

मघाशी कुणीतरी विचारलं, मीटर नसेल तर काय? पंप दहा मिनिटं चालू ठेवा, हातातली अंगठी काढा, हात कोरडा करा आणि एकेक जोड हळूच चाचपत जा. जो जोड कोमट लागेल, तोच आधी उघडा.