आधी वेळ, मग वाट

नमस्कार श्रोतेहो. सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगरात दिवसच्या दिवस एकट्यानं चालणाऱ्यांसाठी आजचं बोलणं आहे. सॅक भरायची कशी, ते बहुतेकांना माहीत असतं. जड सामान पाठीलगत, मधोमध. आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर आवळायचा आणि मग खांद्याचे पट्टे. क्रम उलटला की सगळा भार खांद्यांवर येतो आणि दुपारपर्यंत मान आखडते.

आज बोलायचं आहे वेळेबद्दल. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक हिशेब मांडला. आजच्या मापात तो असा : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा, वाट १५ किलोमीटरची आणि चढ ९०० मीटरचा. तीन तास अधिक दीड तास, झाले साडेचार. पण हा हिशेब हलक्या पाठीचा, न थांबता चालण्याचा. पाठीवर १५ किलो असतील तर त्यात निम्मे आणखी मिळवा. पावणेसात तास! दिवस सहाला मावळत असेल तर चारला मुक्काम गाठायचा, म्हणजे सव्वानऊला निघणं ही उशिरात उशिराची वेळ. त्या आधी निघालात तर उत्तमच.

आता एमा गेटवुडची गोष्ट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली ही शेतकरी बाई, ११ लेकरांची आई, २३ नातवंडांची आजी. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, तिनं अ‍ॅपलेशियन ट्रेल एकटीनं, एका दमात पुरा केला. तीन हजार किलोमीटरांहून मोठी वाट! पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, तंबूऐवजी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. मे महिन्यात दक्षिणेकडून निघाली आणि सप्टेंबरअखेर उत्तरेला कटाडिनच्या माथ्यावर पोचली. तो पडदा आणि ती पिशवी सगळे सांगतात. माझ्या मते खरं मोलाचं आहे ते त्याच्या आधीचं वर्ष.

१९५४ साली तीच एमा उत्तरेकडून निघाली होती आणि सुरुवातीलाच वाट चुकली. चष्मा फुटला, खाणं संपलं. वनरक्षकांनी तिला घरी जायला सांगितलं आणि ती गेली. श्रोतेहो, ती गेली! म्हणून पुढल्या वर्षी दुसऱ्या टोकाकडून निघू शकली.

त्या वाटेवर झाडांच्या बुंध्यांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात, अंदाजे ५ सेंटिमीटर रुंद आणि १५ उंच. एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे असं समजायचं. वाट चुकते ती बहुतेक अशाच वळणावर, कारण थकलेला माणूस पायांखाली बघत सरळ चालत राहतो. सोबत कोणी असेल तर तो हाक मारतो, एकट्याला कोण मारणार? म्हणून दहा मिनिटं खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे यायचं. पुन्हा सांगतो : पुढे शोधायचं नाही, मागे यायचं.

१९५५च्या ऑगस्टमध्ये वादळांनी नद्या फुगल्या होत्या. एका नदीशी एमा थांबली. दोन तरुण वाटसरू आले, तेव्हा एकमेकांना दोरीनं बांधून तिघं पार झाले. त्यातली दोरी घेऊ नका. अंगाला बांधलेली दोरी अडकली तर माणूस पाण्याखालीच राहतो. घ्यायचं ते तिचं थांबणं. एकटे असाल आणि पाणी जोराचं, गुडघ्याच्या वर असेल, तर उतरू नका. वितळत्या बर्फाचा ओढा पहाटे सर्वांत कमी असतो, तेव्हा बघा. उतरण्याआधी कमरेचा आणि छातीचा, दोन्ही पट्टे सोडा. पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला, म्हणजे पाणी येतं तिकडे, हातात काठी, आणि एका वेळी एकच पाऊल.

पायांचं थोडक्यात : टाच चुरचुरली की त्याच क्षणी बसायचं, मोजा काढून कोरडं करायचं, चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर उशीर झालेला असतो. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. आणि कानात गाणी लावून डोंगर चालू नये, हे माझं ठाम मत आहे. वरून सुटलेल्या दगडाचा आवाज आधी कानाला कळतो.

शिट्टी सॅकच्या आत नको, छातीच्या पट्ट्याला हवी. मदत हवी असेल तर एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट शांत राहून ऐकायचं, आणि पुन्हा सहा. मिनिटाला तीन शिट्ट्या ऐकू आल्या, तर कोणीतरी तुमचं ऐकलं आहे. तरीही ते दिसेपर्यंत वाजवत राहा, म्हणजे आवाजाच्या रोखानं त्यांना तुमच्यापर्यंत येता येईल.