गंगाबल : आपली सॅक आपल्या पाठीवर

[दृश्य : ताणकाट्याला लटकलेली सॅक]

काश्मीरमधल्या गंगाबल तळ्याच्या ट्रेकला निघालेली ही सॅक. काटा बघा, साडेचौदा किलो. टेंट, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, मूगडाळ, तांदूळ, रेनकोट आणि हा कॅमेरा. मागे खच्चरवाले उभे दिसतायत ना, त्यांनी आम्हाला तीनदा विचारलं आणि खरं सांगायचं तर वाटेतल्या ट्रुंखोल कुरणाच्या चढावर आम्हाला ते तिन्ही वेळा आठवले. पण सह्याद्रीत आपली सॅक कधी दुसऱ्याने उचलली नाही मग इथेच का, असा आमचा हट्ट.

[दृश्य : नारानागची देवळं]

हे नारानाग. श्रीनगरहून साधारण पन्नास किलोमीटर, कंगनच्या पुढे. ही दगडी देवळं आठव्या शतकातल्या ललितादित्य राजाच्या काळातली मानतात, शेजारी झऱ्याचं कुंड आहे, पाणी इतकं गार की बाटली भरताना बोटं बधिर होतात. उंची एकवीसशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईचं १६४६ मीटरचं टोक या गाडी लावायच्या जागेच्या बरंच खाली राहिलं.

[दृश्य : जंगलातला चढ]

इथून चढ जो सुरू होतो तो देवदार-पाइनच्या जंगलातून सरळ अंगावरच येतो. वाटेच्या मधोमध या खोल चरी दिसतायत, त्या पावसाच्या नाहीत, खुरांच्या आहेत. सीझनभर खच्चरं याच वाटेने वर-खाली, मग वाट खचली की शेजारी दुसरी पाडायची, तीही खचली की तिसरी. आणि ते पिवळं जे चमकतंय ते फूल नाही, नूडल्सचं रॅपर आहे.

[दृश्य : ट्रुंखोल, धूर निघणारं घर]

वर कुरण उघडलं की गुज्जर गुराख्यांचे ढोक, म्हणजे त्यांची कुरणावरची घरं. लाकडी ओंडके, वर माती आणि मातीवर उगवलेलं गवत, त्यामुळे लांबून छप्पर कुठलं आणि डोंगर कुठला ते कळत नाही. आत चुलीवर मक्याची रोटी आणि नून चाय, गुलाबी, खारट. पहिला घोट चेहरा वाकडा करून घेतला, दुसरा कप मागून घेतला.

[दृश्य : नुंदकोल, सकाळ]

आणि हे नुंदकोल तळं. साडेतीन हजार मीटर, मागे ५१४२ मीटरचा हरमुख पर्वत. इथे पाणी ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही, आमची मूगडाळ पाऊण तासानंतरही दाताखाली कचकचत होती. एका मित्राला रात्री उंचीचा त्रास झाला, सकाळी दोघं त्याला घेऊन खाली उतरले, तो आता ठीक आहे.

नाला ओलांडून थोडं वर गेलं की गंगाबल, जवळपास अडीच किलोमीटर लांब. याचं पाणी नुंदकोलमध्ये, तिथून वांगथ नाल्याने सिंध नदीत आणि पुढे झेलममध्ये. ही काश्मीरची सिंध बरं का, लडाखवरून येणारी ती वेगळी. काश्मिरी पंडितांच्या अस्थी पूर्वापार या पाण्यात सोडतात.

[दृश्य : धारेवरची चढाई]

दुसऱ्या दिवशी झजिबल खिंडीकडची धार धरली. सोंडेवर घसारा, एक पाऊल वर आणि अर्धं खाली, हरिश्चंद्रगडाच्या नळीची वाट केलेल्यांना ओळखीचं वाटेल, फक्त हवा निम्मी असल्यासारखा दम लागतो. चार हजारांच्या वर पोचलो, मागे वळलो.

[दृश्य : दोन्ही तळी एकत्र, दहा सेकंद निवेदन नाही]

१८५६ साली मोंटगोमेरी नावाच्या ब्रिटिश सर्व्हेअरने हरमुखवरच्या मोजणीच्या ठाण्यावरून दोनशेहून जास्त किलोमीटरवरची दोन शिखरं टिपली, त्यांना के-१, के-२ असे नंबर दिले. के-१ला माशरब्रुम हे स्थानिक नाव सापडलं, के-२ नंबरावरच राहिलं. आमच्या धारेवरून के-२ काही दिसत नाही. आणि हो, थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं ते यंत्र, साहेबाने स्वतः वाहिला नसणार.

हरमुखची हिमनदी मागे सरकतेय, या तळ्यांचं पुढे काय तो वेगळा विषय.

[दृश्य : नारानाग, पुन्हा ताणकाटा]

डाळ संपली, तांदूळ संपला, गॅस संपला. तरी काटा बारा किलो दाखवतोय, कारण वरच्या खिशात आमची रॅपरं आणि खालच्या गोणीत वाटेवरची. खच्चरवाल्याने काटा वाकून बघितला, हसला आणि म्हणाला, पुढच्या वेळी वर जाताना नको, येताना तरी घ्या.